वायरलेस ब्रॉडबँडवर पब्लिक आयपी घेऊन घरी सर्व्हर: गावाकडं कुणी चालवतंय का?

तुरीचा_बांध | ९ मार्च, रात्री १०.४०

रामराम मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होतो, आज अडलो म्हणून धागा काढतोय.

गाव औसा तालुक्यात. फायबर ग्रामपंचायतीच्या कपाटापर्यंत येऊन तिथंच मुक्कामाला आहे. म्हणून महाशिवरात्रीच्या सुमारास वायरलेस ब्रॉडबँड घेतलं. शेजारच्या मोठ्या गावात कंपनीचा टॉवर, आमच्या माळवदावर डिश, मधे ४ किलोमीटर. प्लॅन ३० एमबीपीएसचा. चालतं बरं, तक्रार नाही.

एक जुना लॅपटॉप पडून होता. त्यावर लिनक्स टाकून नेक्स्टक्लाउड बसवलं, म्हणजे घरचं गुगल ड्राइव्ह म्हणा. घरातले फोटो, सातबारे, फेरफार, आण्णांच्या दवाखान्याची कागदं सगळी त्यात. पुण्यातल्या बहिणीला ती तिथून दिसावीत एवढीच इच्छा. दुसरं काम आखाड्यावरच्या (शेतातल्या वस्तीवरच्या) दोन कॅमेऱ्यांचं. विहिरीवरची केबल दोनदा कापून नेली, तेव्हापासून आण्णांच्या डोळ्याला डोळा नाही. आखाडा ते घर अशी छोट्या रेडिओंची जोडी लावली, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) घरी ठेवला. घरात सगळं दिसतं, घराबाहेर पाय टाकला की बंद.

कंपनीच्या माणसाला विचारलं. "स्टॅटिक आयपी घ्या, वर्षाला १५०० रुपये." भरले. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलं, म्हणजे बाहेरून आलेली हाक लॅपटॉप-डीव्हीआरकडं वळवली. मोबाईलचा डेटा चालू करून बघतो तर काहीच उघडेना. चार रात्री गेल्या. राउटरच्या वॅनच्या (बाहेरच्या बाजूच्या) रकान्यात १९२.१६८.१.२० दिसतंय. कुठं चुकायलंय?

डीपी_उडाली | ९ मार्च, रात्री ११.०५

तुमचं काहीच चुकत नाही. वॅनला १९२.१६८ दिसतंय म्हणजे तुमच्या राउटरच्या पुढं अजून एक राउटर बसलाय. माळवदावरची डिश नुसती डिश नसते, तिच्या पाठीला रेडिओ असतो आणि बहुतेक लोक तो राउटर मोडमध्येच ठेवून जातात. तुम्ही घरातलं दार उघडलं, वाड्याचा दिंडी दरवाजा बंदच आहे.

रेडिओचं पान उघडून तिथला वॅनचा पत्ता टाका इथं. शेवटचे दोन आकडे झाका म्हणजे झालं.

तुरीचा_बांध | १० मार्च, सकाळी ८.१२

रेडिओचा पासवर्ड कंपनीकडं. कंपनीच्या पोराला फोन केला, त्यानं फोनवरच बघून सांगितला: १००.७६ नं सुरू होतो.

डीपी_उडाली | १० मार्च, सकाळी ८.३०

झालं मग कल्याण. तिसरं दार.

सेक्टर_अँटेना | १० मार्च, दुपारी १.५०

सात वर्षं परभणी, सेलू, मानवत भागात अशाच डिशा बांधत फिरलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कंपनीवाल्यांच्या बाजूनंही लिहीन, रागावू नका.

१०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ हे पत्ते घरातल्या वापराचे, हे बहुतेकांना ठाऊक असतं. चौथा गट कमी लोकांना माहीत आहे. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ साली खास कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी बाजूला काढले. ज्या पद्धतीत ते वापरतात तिला सीजीनॅट म्हणतात. म्हणजे तुमच्यासारखी शे-दोनशे घरं एका खऱ्या, जगाला दिसणाऱ्या पब्लिक पत्त्यामागं दाटीवाटीनं बसलेली असतात. आतून बाहेर जाणारं सगळं चालतं, यूट्यूबला काही फरक पडत नाही. बाहेरून कुणी हाक मारली तर ती नेमकी कुणाच्या घरी द्यायची हे कंपनीच्या यंत्राला कळायला मार्गच नाही. मग ते हाक टाकून देतं. तुम्ही तुमच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा.

कंपनी असं का करते? पत्तेच नाहीत. आयपीव्ही ४ (इंटरनेटच्या पत्त्यांची जुनी पद्धत) चे जगात मिळून ४३० कोटींच्या आत-बाहेर पत्ते, त्यांचा मुख्य साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला. आपल्या आशिया-पॅसिफिक भागात पत्ते वाटणाऱ्या एपनिकनं २०१९ पासून नव्या सभासदाला जास्तीत जास्त ५१२ पत्ते द्यायचं ठरवलं. तालुक्याच्या गावातला छोटा ब्रॉडबँडवाला तेवढ्यात काय काय करणार? टॉवरची यंत्रं, डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारं यंत्र), मोठी गिऱ्हाईकं आणि उरलेल्या मूठभर पत्त्यांवर सगळी जनता.

आता तुमच्या १५०० रुपयांचं. त्याला विचारा, "स्टॅटिक दिला का पब्लिक दिला?" मला उत्तर माहीत आहे, पण तुम्हीच विचारा.

तुरीचा_बांध | ११ मार्च, सायंकाळी ७.२०

विचारलं. जसंच्या तसं लिहितो: "स्टॅटिकच दिलाय की साहेब. १००.७६ चा तुमचा नंबर आता बदलत नाही. पब्लिक कधी म्हणलात तुम्ही?"

डीपी_उडाली | ११ मार्च, सायंकाळी ७.२२

😂😂 माणूस खोटं बोलला नाही.

उगंच | ११ मार्च, रात्री ९.४५

एवढी यातायात कशाला? डीव्हीआरच्या कंपनीचं ॲप असतं की. क्यूआर स्कॅन करा, कुठूनही बघा. पब्लिक आयपी लागत नाही, सीजीनॅट आडवं येत नाही. आमच्या निलंग्यात निम्मी दुकानं त्यावरच आहेत. फोटोला गुगल आहे.

तुरीचा_बांध | ११ मार्च, रात्री १०.१०

ॲप आत्ताही आहे आण्णांच्या मोबाईलवर. उघडायला अर्धा मिनिट, मग गोल गोल फिरतं. शिवाय माझ्या विहिरीचं चित्र कुठल्या कोण देशातल्या सर्व्हरवरून फिरून माझ्याच माळवदावर यावं हे मला पटत नाही. फोटोचं म्हणाल तर फुकट जागा कधीच संपली. आणि खरं सांगू का, शिकायचंय. हौस आहे.

उगंच | ११ मार्च, रात्री १०.१४

हौसच असेल तर चालू द्या. हौसेला पब्लिक आयपीचा भाव कळत नसतो.

गोदाकाठ | १२ मार्च, सकाळी १०.०५

सगळे आयपीव्ही ४ च्या नावानं रडताय, आयपीव्ही ६, म्हणजे पत्त्यांची नवी, ऐसपैस पद्धत, कुणी बघितली का? नांदेडात माझ्याकडं ५जी वरचा घरगुती वायरलेस आहे. त्याचाही आयपीव्ही ४ सीजीनॅटमागंच. पण आयपीव्ही ६ चा खरा पत्ता घरातल्या प्रत्येक यंत्राला मिळतो, रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या संगणकाला सुद्धा. राउटरच्या फायरवॉलमध्ये एक पोर्ट उघडलं, डायनॅमिक डीएनएसमध्ये (बदलता पत्ता एका नावाला जोडून ठेवणारी सोय) नाव टाकलं, मोबाईलवरून थेट उघडतं. एक रुपया जास्तीचा नाही.

अडचणी तीन. पत्त्याचा पुढचा भाग अधूनमधून बदलतो, म्हणून डायनॅमिक डीएनएस लागतोच. काही कंपन्यांच्या डब्यात बाहेरून येणारी आयपीव्ही ६ वाहतूक उघडायची सोयच नसते, मग तुम्ही काय करणार? आणि जिथून बघायचं तिथंही आयपीव्ही ६ पाहिजे. मोबाईल डेटावर आपल्या देशात ते बहुतेक असतं, ऑफिसच्या वायफायवर बहुतेक नसतं.

तुरीचा_बांध | १२ मार्च, दुपारी २.३०

आमच्या टॉवरवाल्याला आयपीव्ही ६ विचारलं तर म्हणाला, "ते ५जी ला असतंय, आपल्याला नाही."

सेक्टर_अँटेना | १२ मार्च, दुपारी २.४४

त्याचा ५जी शी संबंध नाही हो. त्यानं त्याच्या यंत्रात चालू केलेलं नाही, इतकंच. पण भांडू नका, उद्या डिश हलली तर त्यालाच बोलवायचंय.

ढगफुटी | १२ मार्च, रात्री ११.३०

मी मूळची अंबाजोगाईची, नोकरी पुण्यात. आई-बाबांच्या घरी तीन वर्षं सर्व्हर चालू आहे, पब्लिक आयपीशिवाय. कसं ते लिहिते.

मुंबईतल्या डेटा सेंटरमधलं सगळ्यात छोटं व्हीपीएस, म्हणजे आभासी सर्व्हर, भाड्यानं घेतलं. महिन्याला काही शे रुपये. त्याला खरा पब्लिक आयपी असतोच. घरच्या रास्पबेरी पायवर वायरगार्ड (दोन यंत्रांमधे कुलूपबंद बोगदा बांधणारं व्हीपीएन), व्हीपीएसवर वायरगार्ड. घरचं यंत्र स्वतःहून बाहेर फोन लावतं आणि लाईन धरून ठेवतं. सीजीनॅट बाहेर जाणाऱ्याला अडवत नाही, याचाच फायदा. मी पुण्यातून व्हीपीएसला जोडते, तिथून अंबाजोगाईला.

एक ओळ विसरू नका. घरच्या बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ ठेवा. बराच वेळ काही बोलणं झालं नाही तर सीजीनॅटवाला समजतो की बोलणं संपलं, आणि वाट बुजवतो. दर २५ सेकंदांनी एक छोटं पाकीट गेलं की वाट उघडी राहते. मी पहिल्यांदा हे टाकलं नव्हतं. सकाळी चालायचं, दुपारी मेलेलं असायचं. आई रोज फोनवर "तुझा डबा बंद-चालू करू का?" विचारायची.

एवढंही नको असेल तर टेलस्केल, वायरगार्डवरच बांधलेली तयार सोय. नाव नोंदवा, दोन्हीकडं टाका, संपलं. फक्त गोंधळू नका, टेलस्केलही तुम्हाला १०० नं सुरू होणारेच पत्ते देतं, त्याच १००.६४ च्या गटातले. माझ्या एका सहकाऱ्यानं त्याला कंपनीचा सीजीनॅट समजून कस्टमर केअरवाल्याचं डोकं खाल्लं होतं.

डीपी_उडाली | १२ मार्च, रात्री ११.४१

ताई, "तुझा डबा" 😂 आमच्या घरी त्याला "ते लुकलुकतंय ते" म्हणतात.

मोंढ्याचा_मुनीम | १३ मार्च, सकाळी ७.०५

मालक, मधीच घुसतो, माफी असावी. आमची आडत हाय मोंढ्यात. टॅली दुकानातल्या कंप्युटरवर. शेठला घरून बघायचं असतंय. एका पोरानं पब्लिक आयपीवर रिमोट डेस्कटॉप लावून दिलं, ३३८९ नंबरचं पोर्ट म्हणं. दोन महिनं झालं झकास चालू हाय. ही पण तीच भानगड हाय का?

ढगफुटी | १३ मार्च, सकाळी ७.३०

काका, ते आजच्या आज बंद करा. थट्टा नाही करत. ३३८९ उघडं ठेवणं म्हणजे तिजोरी रस्त्यावर ठेवून वर "तिजोरी" अशी पाटी लावणं. जगभरातली यंत्रं चोवीस तास हेच पोर्ट शोधत आणि पासवर्ड मारत फिरतात. एकदा शिरले की सगळा डेटा कुलूपबंद करून खंडणी मागतात. रिमोट डेस्कटॉप ठेवा, पण वायरगार्डच्या आत. आणि आज टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेऊन पेनड्राइव्ह काढून घरी न्या.

मोंढ्याचा_मुनीम | १३ मार्च, सकाळी ७.४८

बंद केलं. बॅकअप घ्यायलो. त्या पोराला दुपारी बोलावलंय.

तुरीचा_बांध | २८ मार्च, रात्री ९.३०

अपडेट. टॉवरवाल्याच्या मालकालाच भेटलो. माणूस बरा निघाला, चहा पाजला. त्याच्याकडं मोजके पब्लिक आयपी शिल्लक होते, आणखी २००० रुपये घेऊन एक दिला. रेडिओ ब्रिज मोडमध्ये टाकायला लावला, म्हणजे तो आता नुसता पूल, राउटर नाही. कंपनीशी जोडायचं (पीपीपीओईचं) नाव-पासवर्ड माझ्या राउटरमध्ये आहे. वॅनला जो पत्ता दिसतो तोच "माझा आयपी काय" विचारल्यावर बाहेर दिसतो. तिन्ही दारांची किल्ली माझ्याकडं.

डीव्हीआरला डीएमझेडमध्ये टाकून दिलंय, एकेक पोर्ट कोण बघत बसणार. बहिणीनं पुण्यातून विहीर बघितली!

सेक्टर_अँटेना | २८ मार्च, रात्री ९.३४

डीएमझेड काढा. आत्ता. उठा.

ढगफुटी | २८ मार्च, रात्री ९.५०

डीएमझेड म्हणजे त्या यंत्राची सगळी पोर्ट जगाला उघडी. डीव्हीआरचा पासवर्ड बदललाय का?

तुरीचा_बांध | २९ मार्च, सायंकाळी ६.१५

काल हे दोन्ही संदेश बघितलेच नाहीत, झोपलो होतो. भोगलं.

पहाटे साडेपाचला टॉवरवाल्याचा फोन. "साहेब, तुमच्याकडून अपलोड फुल्ल चाललंय, सगळा सेक्टर जाम झालाय, चार गावांतून शिव्या यायल्यात." बघतो तर डीव्हीआर तापलेला, मेनू उघडेना. मधल्या काळात लॅपटॉपचं एसएसएच (लांबून लॉगिन करायची सोय) पण २२ नंबरवर उघडं ठेवलं होतं, त्याच्या लॉगमध्ये एका रात्रीत ४००० च्या वर चुकीचे लॉगिन. नावं रूट, ॲडमिन, पाय, ओरॅकल, टेस्ट. गावात कुत्रंसुद्धा मला ओळखत नाही आणि इतकी मंडळी दारात.

डीव्हीआरचा पासवर्ड बदलला होता हो. पण त्यात टेलनेटचं (लांबून लॉगिन करायची जुनी सोय) एक वेगळं खातं असतं, कारखान्यातूनच आलेलं, ते मला माहीतच नव्हतं.

डीपी_उडाली | २९ मार्च, सायंकाळी ६.४०

वाईट वाटून घेऊ नका, याच वाटेनं मोठमोठे गेलेत. २०१६ ला मिराय नावाच्या व्हायरसचं प्रकरण झालं ते अशाच डीव्हीआर-कॅमेऱ्यांवर. साठेक कारखानी पासवर्डांची यादी, ती घेऊन टेलनेट ठोठावत फिरायचं. ऑक्टोबरात त्या फौजेनं डाइन नावाच्या डीएनएस कंपनीवर हल्ला चढवला आणि अमेरिकेत ट्विटरसकट कित्येक मोठ्या साइट काही तास आडव्या झाल्या. तुमचा डीव्हीआर त्यांचाच चुलतभाऊ झाला म्हणायचा.

डीव्हीआर रीसेट करा, फर्मवेअर नवं टाका. आणि मग त्याला परत इंटरनेट दाखवूच नका.

ढगफुटी | २९ मार्च, रात्री १०.२०

पब्लिक आयपी मिळालाय तर तो वाया घालवू नका, पण त्यावर फक्त एक पोर्ट उघडा, वायरगार्डचं. ५१८२० यूडीपी, दुसरा नंबर दिला तरी चालेल. याची गंमत अशी की किल्ली जुळल्याशिवाय ते उत्तरच देत नाही. एसएसएच निदान "कोण?" तरी म्हणतं. वायरगार्ड गप्प. ठोठावणाऱ्याला वाटतं इथं कुणी राहतच नाही. २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, वेगळं काही ओझं नाही.

मग तुमचा फोन, बहिणीचा फोन, आण्णांचा फोन प्रत्येकाला वेगळी किल्ली. फोन हरवला तर तेवढी किल्ली काढून टाकायची. डीव्हीआरला राउटरमध्ये नियम लावा, घरातल्यांशी बोलायचं, बाहेर जायचं नाही. एसएसएच पासवर्डनं नको, किल्लीनं, आणि तेही वायरगार्डच्या आतूनच.

माझ्यासारखं व्हीपीएस तुम्हाला लागत नाही. थेट घरी येता येतं, मधला टप्पा वाचतो. पब्लिक आयपीचा खरा फायदा एवढाच आहे माझ्या मते.

गोदाकाठ | ३० मार्च, सकाळी ९.००

नेक्स्टक्लाउडला कुलूपवाला पत्ता पाहिजे असेल, म्हणजे एचटीटीपीएस, तर लेट्स एन्क्रिप्ट या फुकट प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र डीएनएसच्या पद्धतीनं काढा. त्याला ८० नंबरचं पोर्ट उघडावं लागत नाही. बऱ्याच कंपन्या ८० आणि ४४३ अडवतात, मग लोक "प्रमाणपत्र निघत नाही" म्हणून रडतात. डोमेनचं नाव मात्र स्वतःचं लागेल. प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं, आपोआप नवं होईल असं लावून ठेवा.

वसमतची_हळद | ३० मार्च, दुपारी १२.१५

पब्लिक आयपी आहेच तर घरीच मेल सर्व्हर टाकावा का? स्वतःच्या डोमेनचा ईमेल.

डीपी_उडाली | ३० मार्च, दुपारी १२.१७

नको.

सेक्टर_अँटेना | ३० मार्च, दुपारी १.०२

डीपीचं "नको" बरोबर आहे, कारण मी लिहितो. २५ नंबरचं पोर्ट बाहेर जायला बहुतेक ठिकाणी बंद असतं. उलट्या डीएनएसची (पत्त्यावरून नाव सांगणारी) नोंद कंपनीनं करून द्यावी लागते, तालुक्याच्या कंपनीला ती करताच येईल असं नाही. आणि घरगुती पत्त्यांचे गटच्या गट स्पॅमच्या काळ्या यादीत असतात. तुमची पत्रं सगळ्यांच्या स्पॅममध्ये पडतील. हळद विका, मेल विकत घ्या.

तुरीचा_बांध | ६ एप्रिल, रात्री १०.००

वायरगार्ड लागलं. सगळी पोर्ट बंद, एकच उघडं. आठवडाभर लॉग शांत. आण्णा रात्री दोनला उठून विहीर बघतात आणि परत झोपतात.

पण आता नवीनच. सिग्नल मार्चमध्ये उणे ६१ डीबीएम होता, आज उणे ७०, म्हणजे बराच कमी. अपलोड तर ३-४ च्या वर जाईना. बहिणीकडं फोटो उघडायला वेळ लागतो. डिश हलली का?

सेक्टर_अँटेना | ६ एप्रिल, रात्री १०.३०

डिशच्या दिशेनं झाड आहे का? कोणतं? किती अंतरावर?

तुरीचा_बांध | ६ एप्रिल, रात्री १०.३६

चुलत्याच्या बांधावर लिंब आहे मोठा. २०० मीटर असेल. पण जोडणी केली तेव्हाही तो होताच की.

सेक्टर_अँटेना | ६ एप्रिल, रात्री ११.१०

होता, पण बोडका होता. महाशिवरात्रीला लिंबाची पानं झडलेली असतात, पाडव्याला पालवी फुटते. कंपनीच्या पोरानं शिशिरात डिश लावली, चैत्रात सिग्नल गेला. दर वर्षी या दिवसांत मला असे फोन यायचे.

लोकांना वाटतं दोन डिशांमधे ताणलेली दोरी असते, टोक दिसलं की काम झालं. दोरी नाही, काकडी असते. मधे पोट फुगलेली. ५.८ गिगाहर्ट्झला ४ किलोमीटरवर त्या काकडीची मधली त्रिज्या ७ मीटरच्या वर भरते. त्यातली ६० टक्के तरी मोकळी पाहिजे. तुमच्यापासून २०० मीटरवर ती त्रिज्या ३ मीटरच्या पुढं असते, म्हणजे लिंबाचा शेंडा सरळ रेषेच्या निदान २ मीटर खाली पाहिजे. डिश जमिनीपासून किती उंच?

पाऊस ५ गिगाहर्ट्झला फारसं काही करत नाही, लोक उगीच घाबरतात. ओली पानं करतात. आत्ता उणे ७० आहे, मृगात बघा काय होतंय.

आणि अपलोडचं. "३० चा प्लॅन" म्हणजे खाली येणारे ३०. साधा गिऱ्हाईक खाली ओढतो, म्हणून टॉवरवाले रेडिओचा बराचसा वेळ खालच्या दिशेला देतात. सर्व्हरवाला मात्र वर ढकलतो. एकाच हवेत आळीपाळीनं बोलायचं असतं, त्यात तुमची पाळी छोटी. दोन कॅमेरे २-२ एमबीपीएसचे लावले तर ४ तिथंच गेले. बाहेरून बघायचा स्ट्रीम हलका ठेवा, रेकॉर्डिंग घरात जाडच राहू द्या. बहुतेक डीव्हीआरमध्ये असा हलका सबस्ट्रीम असतो.

तुरीचा_बांध | ७ एप्रिल, सकाळी ७.४०

डिश ७ मीटरवर आहे, लिंब ११-१२ मीटर तरी असेल. चुलता फांदी तोडू देणार नाही. बांधाचं जुनं प्रकरण आहे, त्यात आता ही फांदी. सबस्ट्रीम लावला, पुष्कळ फरक पडला.

उगंच | ७ एप्रिल, सकाळी ८.०५

चुलत्याला विहिरीचा कॅमेरा बघायची किल्ली द्या. स्वतःहून फांदी तोडेल.

डीपी_उडाली | ७ एप्रिल, सकाळी ८.११

या धाग्यातला पहिला कामाचा सल्ला 👏

वसमतची_हळद | १५ एप्रिल, रात्री ८.२०

लाईटचं काय करता सगळे? आमच्याकडं गावठाण फीडरसुद्धा दिवसात चार वेळा जातो.

ढगफुटी | १५ एप्रिल, रात्री ९.००

आई-बाबांकडं राउटर, रेडिओ आणि पाय तिन्ही छोट्या डीसी यूपीएसवर आहेत. पाय ५ वॅटच्या आसपास खातो, महिन्याला साडेतीन युनिट. जुना लॅपटॉप १५ वॅट धरला तर अकरा युनिट, पण त्याला स्वतःची बॅटरी असते, ही त्याची जमेची बाजू. पाय वापरत असाल तर मेमरी कार्डवर डेटा ठेवू नका. लाईट गेली की कार्ड खराब होतं, माझी दोन गेली. एसएसडी लावा.

सेक्टर_अँटेना | १५ एप्रिल, रात्री ९.२५

आणि टॉवरकडच्या बॅटरीचं विचारून ठेवा. तुमचं घर चोवीस तास चालू असून उपयोग नाही, त्या गावची लाईट गेली आणि टॉवरची बॅटरी तीन तासांत बसली की तुमचा पब्लिक आयपी पण बसला. आखाड्यावर काय केलंय?

तुरीचा_बांध | १५ एप्रिल, रात्री १०.०२

आखाड्यावर १०० वॅटची सोलर पाटी आणि बॅटरी. शेतीच्या फीडरवर कॅमेरा चालवायचा म्हटलं तर चोराला लाईटचं वेळापत्रक पाठच असतं.

तुरीचा_बांध | २३ मे, सायंकाळी ८.५०

मंडळी, आज दुपारी वळवाचा पाऊस. वीज घरावर नाही पडली, मागच्या माळावर पडली. तरी रेडिओचं नेटवर्क पोर्ट गेलं, राउटरचं वॅन पोर्ट गेलं. लॅपटॉप वायफायवर होता म्हणून वाचला. टीव्ही आणि फ्रीजला काही झालं नाही, हिला आता तेच उदाहरण झालंय.

सेक्टर_अँटेना | २३ मे, रात्री ९.३०

माळवदावर लोखंडी पाइप, त्यावर डिश, तिथून तांब्याची केबल थेट घरात. गावातली सगळ्यात उंच तार तुम्हीच उभी केली. केबल शील्डेड वापरली होती का? पोलला अर्थिंग होतं का? मला उत्तर माहीत आहे याचंही.

नवीन रेडिओ घेताना सोबत सर्ज प्रोटेक्टर घ्या, केबल घरात शिरते तिथं लावा आणि त्याचं अर्थिंग खरोखरच्या अर्थिंगला जोडा. खड्डा, कोळसा-मीठ, तांब्याची पट्टी. भिंतीतल्या खिळ्याला जोडलेलं अर्थिंग नसतं. सर्वात पक्कं म्हणजे माळवदावर डब्यात मीडिया कन्व्हर्टर (तांब्याच्या केबलला फायबर जोडणारा) ठेवून तिथून खोलीपर्यंत दहा-पंधरा मीटर फायबर टाका. काचेतून वीज येत नाही. रेडिओ गेला तर गेला, घरातलं वाचतं. रेडिओला वीज मात्र वरच द्यावी लागेल, तो तांब्याचा रस्ता सर्ज प्रोटेक्टरमधूनच न्या.

आणि आभाळ गडगडायला लागलं की केबल उपसून ठेवा. विहीर अर्धा तास दिसली नाही तर चालतं.

डीपी_उडाली | २३ मे, रात्री ९.४१

शेवटी ग्रामपंचायतीच्या कपाटातलं फायबर नाही, पण माळवद ते खोली फायबर मिळालं म्हणायचं.

तुरीचा_बांध | २ जून, रात्री १०.२०

नवीन रेडिओ लागला, राउटरही नवा. दोन दिवस पब्लिक आयपी उठेना, परत १००.७६ च दिसायला लागला. पोटात गोळा आला. टॉवरवाल्यानं जुन्या राउटरच्या मॅक पत्त्याला (यंत्राचा स्वतःचा ओळख नंबर) आयपी बांधून ठेवला होता, नव्याचा मॅक सांगितल्यावर पाच मिनिटांत झालं. राउटर बदलणाऱ्यांनी हे आधीच सांगून ठेवा.

फायबरचं केलंय. अर्थिंगचा खड्डा मी आणि सालगड्यानं खणला, खाली कातळ लागला म्हणून जागा बदलली.

मोंढ्याचा_मुनीम | ३ जून, सकाळी ६.५०

आमचं पण वायरगार्डवर झालं बरं का. शेठ घरून टॅली बघायलेत. पहिल्या दिवशी किल्ली चालू करायची इसरले आन् मलाच बोलले.

वसमतची_हळद | ९ जुलै, रात्री ९.१०

तुरीचा_बांध, पावसाळ्यात लिंबाचं काय झालं? ओल्या पानांनी सिग्नल गेला का?

तुरीचा_बांध | १० जुलै, रात्री ८.४५

गेला होता, उणे ७६ पर्यंत. आठ दिवस वायरगार्ड जुळायचं पण चित्र तुटायचं. चुलत्याला किल्ली देऊन बघितली. तो आता रोज माझी विहीर बघतो, फांदी मात्र तोडली नाही. म्हणतो शेळ्यांना पाला लागतो.

मग पाइपच १५ फूट वाढवला. डिश आता साडेअकरा मीटरवर, शेंड्याच्या बरोबरीनं. वर कडेला एक फट आहे, तिकडं थोडी सरकवून बांधली. उणे ६४ आला. सेक्टर_अँटेना यांच्या हिशेबानं अजून दीड-दोन मीटर पाहिजे, पण त्या उंचीला तीन बाजूंनी तारेचे ताण दिले तरी पाइप वाऱ्यात हलतो.

सेक्टर_अँटेना | १० जुलै, रात्री ९.०२

पाइप किती इंची? जोड कुठं दिलाय? वेल्डिंग की कपलर? फोटो टाका, खालून वर घेतलेला.

तुरीचा_बांध | १० जुलै, रात्री ९.२०

दीड इंची जीआय, खाली दोन इंचीत घालून दोन बोल्ट मारलेत. फोटो लॅपटॉपवर आहेत, उद्या टाकतो. टॉवरकडच्या गावची लाईट संध्याकाळी गेलीय, बॅटरी आत्ताच बसली. हे मोबाईलवरून लिहायलोय.